थोरांची हयात आणि दुकानाचे कागद



आपल्या धंद्यात वर्षातून एकदा माल मोजला जातो. तागे किती, तुकडे किती, उधारी किती, देणे किती, सगळे चोपडीत उतरते. पण दुकानाची भाडेपावती कोणाच्या नावाची आहे, बँकेत सही कोणाची चालते, भागीदारीपत्रात कोणाची नावे आहेत, याची मोजणी घरातले थोर माणूस आजारी पडून दवाखान्यात पोहोचेपर्यंत कोणी करत नाही. गिरगाव-काळबादेवीपासून परळ, लालबाग आणि दादरच्या हिंदमातापर्यंत, कापडवाला असो, दर्जी असो की जरीवाला, हीच हालत आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

कारण समजण्यासारखे आहे. "अब्बा, तुमच्यानंतर काय?" हे विचारायला औलादीची जीभ रेटत नाही. आणि कोणी विचारलेच तर थोरांना वाटते की पोरांना आपल्या मरणाची घाई झाली आहे. म्हणून गोष्ट पुढे ढकलली जाते. परंतु कायद्याचा हिशेब असा आहे की थोर माणसाची बुद्धी शाबूत आहे तोवर बहुतेक सगळी कामे घरबसल्या, थोड्या खर्चात होतात. ती गेली की तीच कामे कोर्टाच्या दारात जाऊन पडतात. आणि वेळेवर केलेल्या कागदाचा पहिला फायदा त्या थोर माणसालाच होतो.

मुखत्यारनामा कुठवर चालतो?

आपल्यात समज अशी आहे की वालिदांनी एकदा मुखत्यारनामा, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, करून दिली की बेफिकीर. ही समज चुकीची आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारनामा देणारा मरण पावला किंवा त्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, तर मुखत्यारी संपते. म्हणजे वालिद लकव्याने बेशुद्ध पडले किंवा विसरभोळेपणा वाढून त्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली, की ज्या वेळी त्या कागदाची सर्वात जास्त गरज, त्याच वेळी त्याचा आधार सुटतो.

मग उपाय काय? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला, त्यात ती सोय राहिली नाही. कोमात असलेल्या माणसासाठी पालक नेमण्याचा वेगळा कायदाही नाही. त्यामुळे घरच्यांना हायकोर्टात अर्ज करावा लागतो. २०२० साली मुंबई हायकोर्टाने घटनेच्या २२६ व्या कलमाखालील अधिकार वापरून कोमात असलेल्या एका गृहस्थाच्या पत्नीला त्यांची पालक नेमले. रस्ता आहे, पण वकील, डॉक्टरांचे दाखले आणि तारखा यांतून जाणारा आहे. तोवर दुकानाचा माल, कामगारांचा पगार आणि दवाखान्याचे बिल थांबत नाही.

म्हणून बँकेचे खाते थोरांच्या संमतीने दोघांच्या नावाचे करावे आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" ही सूचना लिहून द्यावी. बुद्धी शाबूत आहे पण हात थरथरतो, अशा खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने अंगठ्याची सोय ठेवली आहे. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला जातो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. हात चालत नाही म्हणून कोणी थोरांची सही गिरवू नये. तो गुन्हा होतो.

भाडेपावतीचे नाव

आपली बरीच दुकाने पागडीची. पावतीवर अजून दादांचे किंवा मरहूम वालिदांचे नाव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ७(१५)(ड) प्रमाणे, धंद्याच्या जागेचा भाडेकरू मरण पावला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत ती जागा धंद्यासाठी वापरणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. राहत्या खोलीच्या बाबतीत सोबत राहणारा कुटुंबीय. असा कोणी नसेल तर वारसांपैकी एक, आणि वारसांचे आपसात न जुळल्यास कोण ते कोर्ट ठरवते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जो मुलगा वालिदांसोबत गल्ल्यावर बसतो त्याचा पुरावा असला पाहिजे: बिले, पगारपत्रक, भागीदारीपत्र, दुकानाचा परवाना. दुसरी, भाड्याची जागा वसियतीने देता येईल असे धरून चालू नये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालील एका दाव्यात सुप्रीम कोर्टाने १९९४ साली हेच सांगितले की अशी भाडेदारी मृत्युपत्राने देता येत नाही. १९९९ च्या कायद्याची भाषाही जवळजवळ तीच आहे. हयातीत नाव बदलायचे असेल तर मालकाची संमती लागते. कलम ५६ ने पागडीचा व्यवहार कायदेशीर केला आहे, तरी मालक आपला हिस्सा मागतो. तो ठरवून पावती बदलून घ्यावी.

याची निकड आता वाढली आहे, कारण जुन्या इमारती पडून नव्या उठत आहेत. मेट्रो-३ साठी गिरगाव-काळबादेवीत कित्येक इमारती रिकाम्या झाल्या. म्हाडाच्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकासही चालू आहे. बिल्डर किंवा सरकारी अधिकारी दारात आला की पहिला सवाल एकच: पावती कोणाच्या नावाची? ज्यांच्या नावाची आहे ते थोर बोलू-लिहू शकत असतील तर करारावर सही होते. नसतील तर भावाभावांत आधी दावा आणि मग जागा.

भागीदारी आणि जीएसटी

१९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. चाचा-भतीजे मिळून चालवलेल्या दुकानात हे एक वाक्य लिहायचे राहून जाते: एखाद्या भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील आणि त्याच्या वारसांचा हिशेब अमुक रीतीने चुकता होईल. ते लिहून घ्यावे.

दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर मालकाचा जीएसटी क्रमांक त्याच्यासोबतच संपतो. वारसाला धंदा पुढे चालवायचा असेल तर स्वतःची नवी नोंदणी करावी लागते, आणि जुन्या क्रमांकावर जमा असलेले कराचे क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने वळवून घ्यावे लागते. मरहूमच्या क्रमांकावर बिले फाडत राहणे म्हणजे पुढे नोटिशीला आमंत्रण.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

'कालनिर्णय' दिनदर्शिकेचे संस्थापक जयंत साळगावकर यांचे नाव मुंबईत कोणाला ठाऊक नाही? २०१३ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या गुंतवणुकीतील नामनिर्देशनावरून कुटुंबात दावा उभा राहिला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी कोर्टाने निकाल दिला की शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी हा मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. विम्याबाबत असाच निकाल १९८३ मध्येच झाला होता.

म्हणून एका मुलाचे नाव नॉमिनी म्हणून घातले की बाकीच्यांचा हक्क गेला, असे कोणी समजू नये. शेअर्स आणि बँकेच्या बाबतीत नॉमिनीच्या हाती आलेला पैसा ही वारसांची अमानत आहे. नॉमिनीचे नाव मात्र जरूर घालावे, कारण त्याने बँकेतून पैसे लवकर सुटतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवण्याची सोय झाली आहे.

वसियत, हिबा आणि यतीम नातवंडे

समजा, सुन्नी घरातील एक दुकानदार बीवी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून गेला. कफन-दफन, कर्ज आणि वसियत भागवून जे उरेल त्याचे ४० भाग केले तर बीवीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ भाग. मुलीचे ७ भाग हा तिचा हक्क आहे. लग्नात खर्च केला म्हणून तो फिटत नाही. वालिद हयात असताना बहिणीकडून नुसते हक्कसोडपत्र लिहून घेण्याचा रिवाजही कामाचा नाही. वारसाहक्क मृत्यूनंतर उभा राहतो. त्याआधी सोडायला तिच्या हाती काही नसते.

वसियत एकतृतीयांशापर्यंत करता येते. ती वारसाच्या नावे करायची तर हनफी कायद्याप्रमाणे बाकीच्या वारसांची संमती लागते, तीही मृत्यूनंतरची. शिया कायद्यात या मर्यादेत तशी संमती लागत नाही. मुसलमानाच्या वसियतीला प्रोबेट सक्तीचे नाही. तरी ती लिहून, दोन साक्षीदार घेऊन, उपनिबंधकाकडे नोंदवावी. वसियतीला मुद्रांक शुल्क लागत नाही.

या एकतृतीयांशाचा सर्वात चांगला उपयोग फार थोडे लोक करतात. वालिदांच्या हयातीत एक मुलगा वारला आणि दुसरा हयात आहे, तर वारलेल्या मुलाच्या औलादीला आजोबांच्या विरासतीत हिस्सा येत नाही. दुकान उभे करण्यात त्या मरहूम मुलाचा घाम गेला असेल, तरी त्याची यतीम मुले कोरडी राहतात. ती वारस नसल्यामुळे आजोबा त्यांच्या नावे एकतृतीयांशापर्यंत वसियत कोणाच्या संमतीशिवाय करू शकतात. पण हे आजोबांनीच, शुद्धीत असताना करायचे आहे. त्यांच्यानंतर चाचांच्या मेहेरबानीशिवाय दुसरा आधार राहत नाही.

हिबाला एकतृतीयांशाची मर्यादा नाही. देण्याची जाहीर इच्छा, स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी पुऱ्या झाल्या की हिबा पुरा होतो. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केले की लिहिलेला आहे म्हणून नोंदणी नसल्यास तो रद्द होत नाही. तरी मुंबईच्या जागेचा हिबा नोंदवूनच करावा, नाहीतर सोसायटी आणि बँक दारात उभे करत नाहीत. पागडीच्या जागेचा हिबा मालकाच्या संमतीशिवाय करू नये. शेवटच्या आजारात, म्हणजे मर्जुल-मौतमध्ये केलेला हिबा वसियतीसारखा एकतृतीयांशातच धरला जातो.

थोरांनीही सावध राहावे

आतापर्यंत औलादीला सांगितले, आता बुजुर्गांना. बापाने मुलाला हिबा करून ताबा दिला की हनफी कायद्याप्रमाणे तो सहसा परत घेता येत नाही. म्हणून राहती खोली आणि पोटापुरती मिळकत आपल्याकडे राखूनच द्यावे.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने दाद मागता येते आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो. कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास रद्द करून घेता येते. पण २०२२ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले की तशी अट होती हे दिसले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये, सांभाळाचे लेखी वचन असलेल्या प्रकरणात कोर्टाने आईच्या बाजूने निकाल देताना हा कायदा उदारपणे वाचावा असे सांगितले. मतलब सरळ आहे: अट कागदात लिहून घ्यावी.

काय करावे

एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या सर्वांनी, बहिणी आणि सुनांसह, थोरांसमोर बसावे. भाडेपावत्या, भागीदारीपत्र, पासबुके, विमा, येणे-देणे यांची एक यादी करावी. प्रत्येकापुढे नाव कोणाचे आणि नॉमिनी कोण, हे लिहावे. वसियत किंवा हिबा करायचा असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला घ्यावा की माणूस समजून-उमजून सही करतो आहे. वयस्कांच्या कागदावर पुढे पहिली शंका तिथेच काढली जाते. मसुदा जाणत्या वकिलाला दाखवावा, आणि हिश्श्याबद्दल सवाल असेल तर आलिमांनाही विचारावे.

देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला दीनानेच दिली आहे. गिऱ्हाइकाची शंभर रुपयांची उधारी आपण न चुकता लिहितो. ज्या वालिदांनी तो गल्ला उभा केला, त्यांच्या इच्छेलाही चोपडीत एक पान मिळाले पाहिजे, आणि ते पान त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवले पाहिजे.