झाशीचे ठाणे, दिल्लीचा ठराव (लेखांक ५)

मागच्या लेखांकात आपण डिसेंबर १९२७पर्यंत आलो होतो. काकोरी खटल्यातल्या चौघांना त्या महिन्यात फाशी झाली. राजेंद्र लाहिरी १७ तारखेला गोंड्याच्या तुरुंगात गेले. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खाँ आणि रोशनसिंह दोन दिवसांनी गोरखपूर, फैजाबाद आणि अलाहाबादेत. १९२४ साली कानपुरात उभी राहिलेली हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन तीन वर्षांत जवळजवळ संपली. पोलिसांना हवा असलेला एक तरुण मात्र सापडला नव्हता. तो झाशीत होता.

कानपूरहून झाशीकडे येणाऱ्या लोहमार्गावर मोठ लागते. हा शेतीवर जगणारा तहसील. तिथून पन्नासेक किलोमीटर पुढे झाशी. पेशव्यांच्या काळापासून झाशीत मराठी कुटुंबे वसलेली, आणि १८५७नंतर राज्य गेले तरी त्यांतली बरीच तिथेच राहिली. घरात मराठी, गल्लीत बुंदेली, शाळेत हिंदी. अशा घरांतले दोन तरुण, सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन, त्या तरुणाच्या, म्हणजे चंद्रशेखर आझादांच्या, अगदी जवळचे झाले. तिसरे भगवानदास माहौर. काकोरीच्या आधीच शचींद्रनाथ बक्षी यांनी झाशीत संघटनेचे बीज टाकले होते. आझाद आले तेव्हा त्यांना तयार माणसे मिळाली ती त्यामुळे.

मास्टर रुद्रनारायण यांचे घर हा पहिला आसरा. शहरात धोका वाढला तेव्हा आझाद ओरछा संस्थानच्या जंगलात गेले. सातार नदीच्या काठी, मारुतीच्या देवळाजवळ झोपडी बांधून ‘हरिशंकर ब्रह्मचारी’ या नावाने राहू लागले. ढिमरपुऱ्याच्या मुलांना शिकवायचे, जंगलात नेमबाजीचा सराव करायचा. झाशीतल्या एका मोटार गॅरेजमध्ये काम करता करता ते गाडी चालवायलाही शिकले. संस्थानची हद्द जवळ असणे फार उपयोगी पडले, कारण ब्रिटिश मुलखातल्या पोलिसांचा हात तिथे सहज पोचत नसे. सशस्त्र संघटना टिकते ती आधी अशा जागांवर आणि तोंड बंद ठेवणाऱ्या माणसांवर.

८ आणि ९ सप्टेंबर १९२८ रोजी दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या वास्तूत बैठक झाली. आझाद सुरक्षेसाठी गेले नाहीत. भगतसिंग आणि सुखदेव यांच्या आग्रहामुळे संघटनेच्या नावात ‘सोशलिस्ट’ हा शब्द आला, आझाद सेनाविभागाचे प्रमुख झाले. बंगालचे गट सामील झाले नाहीत. इंग्रज गेल्यावर राज्य कोणाचे, हा प्रश्न या बैठकीने संघटनेच्या केंद्रस्थानी आणला आणि उत्तर दिले : शेतकरी-कामगारांचे. माझ्या मते या तरुणांचे सर्वांत मोठे काम हेच. त्यांची आठवण केवळ पिस्तुलापुरती ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पुढचे सात महिने संघटनेच्या चढतीचे. १७ नोव्हेंबरला लाला लजपतराय गेले, त्याचा सूड म्हणून १७ डिसेंबरला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सवर राजगुरू आणि भगतसिंग यांनी गोळ्या झाडल्या, ८ एप्रिल १९२९ला मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकला. विधिमंडळातला बाँब कोणाचा जीव घेण्यासाठी नव्हता. कामगारांच्या संपावर बंधने आणणारे औद्योगिक तंटा विधेयक आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयक यांना तो विरोध होता.

उतरण आठवड्याभरातच सुरू झाली. १५ एप्रिलला लाहोरचा बाँब कारखाना पोलिसांना सापडला, सुखदेव पकडले गेले. जयगोपाल आणि हंसराज व्होरा माफीचे साक्षीदार झाले. त्यांच्यापेक्षा मोठा घाव फणींद्रनाथ घोष यांचा, कारण ते कोटल्याच्या बैठकीत निवडलेल्या केंद्रीय समितीचे सभासद होते. ज्याला सगळे ठाऊक तोच बोलू लागला.

झाशीच्या मंडळींची कसोटी खानदेशात लागली. १९२९मध्ये मलकापूरकर आणि माहौर भुसावळ स्थानकावर शस्त्रांसह पकडले गेले. जळगावच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध साक्षीसाठी जयगोपाल आणि घोष यांना आणले, तेव्हा फेब्रुवारी १९३०मध्ये माहौर यांनी बाहेरून चोरून पोचवलेल्या पिस्तुलाने त्या दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले. माहौर आणि मलकापूरकर यांच्या वाट्याला दीर्घ कारावास आला. घोष यांना पुढे १९३२मध्ये बेतियात वैकुंठ शुक्ल यांनी मारले आणि त्यासाठी शुक्ल १९३४मध्ये फासावर गेले.

१९३० हे वर्ष संघटनेने जिवाच्या आकांताने काढले. २८ मे रोजी रावीच्या काठी बाँबची चाचणी घेताना भगवतीचरण व्होरा गेले. सोबत वैशंपायन होते. संघटनेची भूमिका समर्थपणे लिहिणारा माणूस त्या स्फोटात हरपला. मग आतला संशय वाढला. केंद्रीय समितीने आपलेच साथी यशपाल यांना गोळी घालायचे ठरवले, बातमी फुटली, यशपाल वाचले. आझादांनी समितीच बरखास्त केली. दिल्लीत कैलाशपती पकडला गेला आणि तोही माफीचा साक्षीदार झाला. फेब्रुवारी १९३१मध्ये वैशंपायन कानपुरात पकडले गेले, त्याच महिन्याच्या २७ तारखेला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात आझाद लढता लढता पडले. २३ मार्चला लाहोरला भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांना फाशी झाली. आझादांनंतर यशपाल यांनी सूत्रे हाती घेतली, पण जानेवारी १९३२मध्ये तेही पकडले गेले आणि संघटना नावापुरती उरली.

फितुरी हे ऱ्हासाचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. फितूर प्रत्येक चळवळीत निघतात, तरी मोठी चळवळ त्यातून सावरते. ही संघटना मूठभर माणसांच्या परस्परविश्वासावर उभी होती. एक दुवा तुटला की दहा घरे उघडी पडत. मोठसारख्या तहसिलातला शेतकरी संघटनेच्या ध्येयात होता, पण संघटनेत नव्हता. आझादांना लपवणारे ढिमरपुऱ्याचे गावकरीसुद्धा एका ब्रह्मचाऱ्याला सांभाळत होते, समाजवादी सेनापतीला नाही. भगतसिंगांना हे तुरुंगात नेमके कळले होते. २ फेब्रुवारी १९३१ रोजी तरुण कार्यकर्त्यांना उद्देशून लिहिताना त्यांनी बाँबचा मार्ग बाजूला ठेवून शेतकरी-कामगारांत काम करणारा पक्ष बांधायला सांगितले. अजय घोष, शिव वर्मा असे अनेक साथी पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. घोष तर १९५१पासून त्या पक्षाचे सरचिटणीस होते.

झाशीचे तिघे मात्र शेवटपर्यंत फुटले नाहीत. स्वातंत्र्यानंतर मलकापूरकरांनी भाबऱ्याहून आझादांच्या वृद्ध आईला, जगरानीदेवींना, झाशीला आणले आणि मुलासारखे सांभाळले. १९५१मध्ये त्या झाशीतच वारल्या. वैशंपायनांनी आझादांचे तीन खंडांचे चरित्र लिहिले; माहौर, मलकापूरकर आणि शिव वर्मा यांनी मिळून ‘यश की धरोहर’ लिहिले. ही पुस्तके हिंदीत आहेत. मराठी वाचकांनी, निदान राजगुरूंपलीकडची मराठी नावे समजून घेण्यासाठी, ती मिळवून जरूर वाचावीत.