फरशीखालच्या नळ्या: तिकडे घर गरम होतं, मग हिंगोलीत गार होईल का?

बाहेर बर्फ पडतोय आणि घरात लोक अनवाणी फिरतायत. जर्मनी किंवा कॅनडातल्या नातेवाईकांच्या व्हिडिओ कॉलवर, नाहीतर एखाद्या रीलमध्ये हे तुम्ही पाहिलं असेल. खोलीत हीटर दिसत नाही, कारण गरम असते ती फरशीच. तिच्याखाली नळ्या असतात आणि त्यांतून कोमट पाणी फिरत असतं.

हिंगोलीत थंडीचे दिवस मोजकेच. मे महिन्यात मात्र पारा ४० अंशांच्या वर जातो. मग त्याच नळ्यांतून गार पाणी सोडलं तर? आधी ही व्यवस्था समजून घेऊ.

फरशी गरम कशी होते?

नळ्यांतलं पाणी साधारण ३५ ते ४५ अंशांचं असतं. युरोपातल्या मानकानुसार राहत्या खोलीतली फरशी २९ अंशांपेक्षा जास्त तापू देत नाहीत. फरशी मोठी असते, त्यामुळे एवढी ऊब पुरते. कल्पना नवी नाही. काश्मीरमधल्या हमामात दगडी फरशीखाली लाकडं जाळून हेच करतात.

नळी कोणती?

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप मिळतो. पण तो ताठ असतो, प्रत्येक वळणावर जोड द्यावा लागतो. फरशीखाली जोड नकोच, कारण गळती झाली तर फरशी फोडावी लागते.

म्हणून वाकणारी, अखंड नळी वापरतात. त्यात दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला पेक्स, म्हणजे खास प्रक्रिया केलेलं पॉलिथिन. दुसरा प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेली नळी. तापल्यावर पेक्स बरीच लांबते: १० मीटर नळी ३० अंशांनी तापली तर सुमारे ५ सेंटीमीटर. अॅल्युमिनियमवाली तेवढ्यात एक सेंटीमीटरही लांबत नाही.

साधी पेक्स घेतली तर ऑक्सिजन रोखणारा थर आहे का, ते बघायचं. नाहीतर हवेतला ऑक्सिजन प्लास्टिकमधून हळूहळू पाण्यात शिरतो आणि पंपाचे लोखंडी भाग गंजतात.

नळी किती लागते? १० बाय १२ फुटांच्या खोलीत १५ सेंटीमीटर अंतराने नळी फिरवली तर सुमारे ७५ मीटर. १६ मिलिमीटरच्या नळीचा एक फेरा साधारण १०० मीटरपर्यंत ठेवतात, म्हणजे खोलीला एक फेरा पुरतो.

मग पत्रा कशाला?

नळी उष्णता आणते, पण ती पसरवायला कोणीतरी हवं. सिमेंटच्या कोब्यात नळी गाडली तर ते काम कोबाच करतो. लाकडी घरात ते जमत नाही, कारण लाकूड उष्णता फार हळू नेतं. अॅल्युमिनियम ती लाकडाच्या हजारपटीहून जास्त सहज नेतं. म्हणून लाकडी फरशीखाली खाच असलेले अॅल्युमिनियमचे पत्रे बसवतात. पत्रा नसेल तर नळीच्या वर गरम पट्टा, शेजारी गार पट्टा अशी स्थिती होते आणि पाणी जास्त तापवावं लागतं.

पातळ पत्रा स्वस्त असतो, पण नळीवरची त्याची पकड सैल पडू शकते. जाड पत्रा नळी घट्ट धरतो. नळी पत्र्यात लांबते-आखडते तेव्हा टकटक आवाज येऊ शकतो, म्हणून तिथे कमी लांबणारी नळी बरी.

आपल्याकडे शहाबादी, कोटा किंवा टाइल्स सिमेंटवरच बसतात. त्यामुळे पत्र्यांचा खर्च करायची गरज नाही. गरज आहे ती नळ्यांच्या खाली उष्णतारोधक थराची, नाहीतर उष्णता जमिनीत जाते.

हिंगोलीत गार पाणी सोडलं तर?

हैदराबादच्या इन्फोसिस कॅम्पसमध्ये २०११ पासून हे सुरू आहे. तिथे एका इमारतीच्या अर्ध्या भागात नेहमीचा एसी ठेवला आणि अर्ध्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवलं. नळ्यांच्या भागात वीज सुमारे ३४ टक्के कमी लागली. पण तिथे हवेतली दमट वाफ काढणारी वेगळी यंत्रणाही आहे.

घरात तीच अडचण येते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच फरशीला सुटेल. मे महिन्यात हवा कोरडी असते, तेव्हा धोका कमी. पण ऑगस्टमध्ये २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २४ अंशांची फरशीसुद्धा ओली होऊन निसरडी होते. मे महिन्यात कूलर लावला तरी खोली दमट होतेच.

दुसरी अडचण ताकदीची. पाय गारठू नयेत म्हणून फरशी १९-२० अंशांच्या खाली नेत नाहीत. तेवढ्यात १० बाय १२ च्या खोलीची फरशी साधारण ४५० वॅट उष्णता ओढते. एक टनाचा एसी ओढतो सुमारे ३,५०० वॅट. शिवाय पाणी गार करायला यंत्र लागतंच, उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी चालणार नाही.

मग करायचं काय?

मोठं कार्यालय किंवा रुग्णालय बांधताना नळ्यांचा विचार जरूर करावा, दमटपणा काढायची सोय धरून. घरासाठी मात्र पैसे आधी वर घालायला हवेत. उन्हाळ्यात आपल्याकडे घर तापतं ते मुख्यतः छतातून. गच्चीला पांढरा परावर्तक रंग, किंवा टिनाच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर दिला तर ना पाणी गार करावं लागतं, ना फरशी फोडायची वेळ येते.