गोठ्यातील नोंदवही : गाईगणिक एक पान

डेअरीच्या कार्डावर गोठ्याचे सर्व दूध एकत्र लिहिलेले असते. कोणत्या गाईचे दूध घटले, हे त्यावरून समजत नाही. म्हणून पशुपालकांनी प्रत्येक जनावरासाठी वेगळे पान असलेली वही ठेवावी. पानावर कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहावा.

सर्वांत महत्त्वाची नोंद माजाची. जनावर गाभण नसेल तर साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. भरविल्याची तारीख लिहिलेली असली म्हणजे १८ व्या ते २४ व्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवता येते. म्हशीत मुका माज पुष्कळदा आढळतो. तेथे तर तारखेवाचून गत्यंतर नाही. एक माज चुकला की तीन आठवड्यांचा चारा व खुराक अंगावर पडतो. दोन माजांतील अंतरही पाहावे. ते ४२ दिवसांच्या आसपास असेल तर मधला माज बहुधा नजरेतून सुटलेला असतो. भरविल्यानंतर २५ ते ३५ दिवसांनी गाय उलटली, तर गर्भ राहून जिरल्याची शंका घ्यावी. तीनदा भरवूनही गाय उलटत असेल तर पुन्हा रेतन करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी व वही त्यांच्यापुढे ठेवावी.

रोज दूध मोजणे जमत नसल्यास आठवड्यातून एका ठराविक दिवशी प्रत्येक गाईचे दोन्ही वेळचे दूध मोजावे. चारापाणी तेच असताना एकाच गाईचे दूध उतरले तर सुप्त कासदाहाची तपासणी करावी. या अवस्थेत कासेला सूज नसते, दुधात गाठीही दिसत नाहीत. दगडी झालीच तर कोणते सड, कोणते औषध व किती दिवस दूध डेअरीला घालावयाचे नाही, हे लिहून ठेवावे. तेच सड पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर उपचार बदलावा लागतो.

गर्भपाताची तारीख व महिना अवश्य लिहावा. पाच महिन्यांनंतर गाभ टाकल्यास सांसर्गिक गर्भपाताचा संशय धरून रक्ततपासणी करावी. पडलेल्या गर्भाला व वाराला उघडा हात लावू नये. हा रोग माणसालाही होतो. याची लस कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. लाळ्या-खुरकुताची मात्र दर सहा महिन्यांनी टोचावी लागते.

वही घरात ठेवू नये. पेन्सिलीसह गोठ्यातच टांगावी आणि धार काढणाऱ्यानेच लिहावी.