घोड्यावर पहिल्यांदा बसताना...



आपल्या रेणापूर भागातल्या लेकरांना घोडा माहीत असतो तो वरातीतला, नाहीतर माळेगावच्या यात्रेतला. लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा मोठा बाजार असतो. वर्गात घोड्याचा विषय निघाला की मुलं तिथलंच सांगत बसतात. पण घोडा लांबून बघणं वेगळं आणि त्याच्यावर बसून डोंगरवाटेनं फिरणं वेगळं.

सुट्टीत आपण माथेरान, महाबळेश्वरला जातो. माथेरानला तर दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत. पायी चला, मिनी ट्रेननं जा, नाहीतर घोडा करा. लाल मातीच्या सावलीतल्या वाटा, खाली दरी. घोड्यावरून फिरायला याहून छान जागा नाही. पण तयारी हवी. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी माझी आठ वर्षांची मुलगी घोड्यावर बसली. रिकिबी मोठ्या माणसाच्या मापाच्या होत्या. तिचे पाय लोंबकळतच राहिले. घोडेवाल्यानं घोड्याला थाप मारली, घोडा दुडक्या चालीनं निघाला आणि पोरगी एका बाजूला कलंडली. कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. त्याची चूक होतीच, पण मी फोटो काढण्यात गुंग होते. रिकीब म्हणजे काय, हेच मला तेव्हा नीट माहीत नव्हतं!

म्हणून आधी घोडा समजून घेऊ. हा गवत खाणारा, शिकाऱ्यापासून पळून जगलेला प्राणी. दचकला की आधी पळतो, मग बघतो. उडती प्लास्टिकची पिशवी, अचानक उघडलेली छत्री एवढंही त्याला पुरतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं आणि कपाळासमोरचं जवळचं दिसत नाही. मागून गेलात तर लाथ बसते ती बहुधा रागानं नाही, भ्यानं. मुलांना हे कारण सांगा. नुसतं "मागं जाऊ नको" म्हटलं की पोरं हटकून मागंच जातात, हा आपला वर्गातला अनुभव आहेच.

घोड्याकडे डाव्या खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. चढायचंही डावीकडूनच. तलवार डाव्या कमरेला असायची, ती आड येऊ नये म्हणून पडलेली ही जुनी रीत. आज तलवार नाही, पण घोड्यांना तीच सवय आहे. भीमथडीच्या तट्टांवरून दौडलेल्या मराठी फौजांची गोष्ट इथं मुलांना जरूर सांगा.

चढण्याआधी रिकिबीचं माप घ्या. हाताची बोटं खोगिराला टेकवली की रिकीब काखेपर्यंत यायला हवी. लहान मुलाला पट्टा पुरेसा आखूड होत नसेल तर त्या घोड्यावर बसवूच नका. पाय आत घालताना फक्त चवडा ठेवायचा. चप्पल, सँडल नको. थोडी टाच असलेला बूट असेल तर पाय आरपार जाऊन अडकत नाही. पडल्यावर पाय अडकून फरफटणं हे पडण्यापेक्षा वाईट. ओढणी घरीच ठेवा. हेल्मेट मागा, हनुवटीखालचा पट्टा लावा. नसेल तर दुसरा घोडेवाला बघा, लाज कसली?

खोगीर बांधणारा पोटाखालचा तंग दोनदा तपासायला सांगा. काही घोडी तंग आवळताना पोट फुगवतात आणि दहा पावलं चालली की तो ढिला पडतो.

लगाम हाताला गुंडाळायचा नाही. थांबवायचं असेल तर हलकेच ओढा आणि सैल सोडा, सतत ताणून धरू नका. चढावर थोडं पुढं झुकायचं, उतारावर थोडं मागं. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर. पहिल्या दिवशी फक्त चाल, दुडकी नाही, आणि घोडेवाल्यानं दोरी सोडायची नाही. हे पैसे ठरवतानाच सांगून टाका. छोट्याला मांडीवर घेऊन एकाच खोगिरावर बसू नका. दोघं पडली तर लेकरू खाली सापडतं.

घोड्याचाही विचार करा. लंगडतोय का, पाठीवर जखम आहे का, बघा. साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं तो नीट वाहतो, खोगिरासकट. २५० किलोच्या तट्टाला किती झेपेल? चौथीच्या वर्गात हे गणित घालून बघा. उत्तर आलं की पोरं लगेच आपल्याकडे बघून हसतात.

खरचटलं तर साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा, कारण लिदीत आणि मातीत त्याचे जंतू असतात.

माझी मुलगी गेल्या वर्षी पुन्हा बसली. आधी तिनं तळहात सपाट ठेवून घोड्याला गाजर भरवलं. बोटं आत, अंगठा चिकटलेला, अगदी सांगितलं तसं. मग स्वतःच रिकिबीला हात लावून म्हणाली, "काका, हे आखूड करा."