धाकाची पुण्याई

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून एका परीक्षेचा निकाल बाहेर आला. महात्मा गांधींच्या जीवनावर आणि विचारांवर कैद्यांसाठी घेतलेली ती परीक्षा. तीत अरुण गवळीला ८० पैकी ७४ गुण मिळाले होते. मुंबईतल्या दगडी चाळीचा ‘डॅडी’, खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा, आणि गांधींच्या पेपरात ७४! बातमी देशभर झाली. त्या परीक्षेला दुसरेही कैदी बसले होते. त्यांतल्या कुणी रात्र-रात्र अभ्यास केला असेल, कुणी खरोखर बदलला असेल. पण त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही, कारण बाहेर असताना त्यांनी पुरेसा धाक कमावला नव्हता.

गुन्हेगारीतून सार्वजनिक जीवनात आलेल्या माणसांचं सगळं गणित मला या एका निकालात दिसतं. आपण म्हणतो, अमक्याने गुन्हेगारी सोडली आणि समाजकारणात आला. खरं तर तो येतो तो मागची शिल्लक घेऊनच. बापजाद्यांची पुण्याई जशी लेकरांच्या कामी येते, तसा जुना धाक कामी येतो. आणि तो संपलाय असं लोकांना पुरतं पटलं, तर समोरची गर्दीही पांगते.

नेकनूरच्या माणसाने दगडी चाळीवर कशाला लिहावं, असं कुणी विचारेल. आमचं गाव बीड तालुक्यातलं, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मुंबई इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. पण अलीकडे इथल्या पोरांचे मोबाइल बघा. स्टेटसला पांढऱ्या टोपीतला डॅडी, खाली सिनेमातला एखादा डायलॉग, मागे ढोल. ज्यांचा जन्मच गिरण्यांचे भोंगे बंद पडल्यावर झाला, त्यांना मुंबईतला सात रस्ता कुठे आहे हे माहीत नाही. दगडी चाळ मात्र पाठ आहे. गावच्या फाट्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांवर काळा चष्मा, चालत येणाऱ्या पंधरा जणांची रांग आणि ‘नाद करायचा नाय’ छापाचा मजकूर. फ्लेक्सवरच्या पोराने आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारलेली नसते. पण मारली असावी असं वाटलं पाहिजे, एवढ्यासाठी तो फोटोग्राफरला पैसे मोजतो.

गवळीची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण महाराष्ट्रातला या वाटेचा सगळ्यात पुरा नमुना तोच आहे. जन्म १९५५ चा. गिरणगावातलं वाढणं, कामगाराचं घर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. त्या आधीपासून भायखळा-आग्रीपाड्यात बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी ही टोळी उभी राहत होती. संपानंतर तिला पोरांची वाण पडली नाही. १९८७ मध्ये बाबू रेशीम पोलीस कोठडीत मारला गेला, १९८८ मध्ये रमा नाईक पोलिसांच्या गोळीने. उरला गवळी. दाऊदशी वैर पेटलं. जुलै १९९२ मध्ये दाऊदच्या बहिणीचा नवरा इब्राहिम पारकर नागपाड्यात मारला गेला आणि त्याचा सूड म्हणून १२ सप्टेंबर १९९२ ला थेट जे. जे. रुग्णालयात गोळीबार झाला. रुग्णालयाच्या वॉर्डात!

इथे गोष्टीला वळण लागलं. दाऊद कराचीत जाऊन बसल्यावर गवळी ‘आपला’ ठरला. तुमच्याकडे दाऊद, तर आमच्याकडे गवळी, असं शिवसेनाप्रमुखांनीच जाहीरपणे म्हटल्याचं सांगितलं जातं. पुढे १९९७ च्या सुमारास गवळीने स्वतःचीच अखिल भारतीय सेना काढली, तेव्हा हाच ‘आपला’ माणूस शिवसेनेला डोईजड झाला. दगडी चाळीत तेव्हा दोन रांगा लागत असं लोक सांगतात. एक नवरात्रातल्या देवीच्या दर्शनाची, दुसरी डॅडीच्या. भाडेकरूचं भांडण, बुडालेली उधारी, नवऱ्याने टाकलेली बायको. कोर्टात दहा वर्षं चालेल ते प्रकरण चाळीत एका बैठकीत मिटायचं. अंगात पांढरा कुर्ता, डोक्यावर गांधी टोपी. गांधींच्या परीक्षेला तो नंतर बसला, टोपी कधीचीच घातली होती.

त्या बैठकीत काय चालायचं, याचा जरा थंड डोक्याने विचार करा. दिवाणी न्यायालयाला वेळ लागतो, कारण त्याला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, पुरावा तपासावा लागतो, अपील द्यावं लागतं. चाळीत यांतलं काहीच नव्हतं. निकाल पाळला जायचा, कारण न पाळल्यास काय होतं हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. त्यासाठी आवाज चढवायचीही गरज नव्हती. डॅडी हळू बोलतो, नम्र आहे, चहा पाजतो, असं कौतुकाने सांगणारे लोक होतेच. ज्याच्या मागे रमा नाईकची टोळी उभी होती, त्याला ओरडायचं कारण काय?

२००४ मध्ये चिंचपोकळीतून तो आमदार झाला. गुंड ते विधानसभा हा प्रवास पुरा झाला, असं छापून आलं. आणि २ मार्च २००७ ला शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांना घाटकोपरजवळच्या असल्फ्यात त्यांच्या राहत्या घरात गोळ्या घातल्या गेल्या. त्यासाठी तीस लाखांची सुपारी घेतल्याचा आरोप होता. गवळीला २००८ मध्ये अटक झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये मोक्का न्यायालयाने जन्मठेप दिली, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे ज्या प्रकरणात शिक्षा लागली, ते गिरणगावातल्या जुन्या दिवसांचं नव्हतंच. तो आमदार असतानाचं होतं. ‘सोडून आला’ या शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्या मतदाराने एवढी एक तारीख लक्षात ठेवली तरी पुरे. सतरा वर्षांहून अधिक काळ आत काढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला.

तो आत असताना त्याची कारकीर्द मात्र बाहेर जोरात होती. २०१५ मध्ये ‘दगडी चाळ’ हा मराठी सिनेमा आला, मकरंद देशपांडे त्यात डॅडी झाले. २०१७ मध्ये हिंदीत ‘डॅडी’ आला, अर्जुन रामपालचा. २०२२ मध्ये ‘दगडी चाळ’चा दुसरा भाग. मकरंद देशपांडे फार मोठे नट आहेत आणि त्यातच घोळ झाला: हळू बोलणारा, डोळ्यांनी जरब बसवणारा तो माणूस बघताना प्रेक्षक त्याच्या बाजूचा होतो. असल्फ्याच्या त्या घरातल्या माणसांवर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही. कोण बघायला येईल?

हे सगळं गवळीपासून सुरू झालं असंही नाही. हाजी मस्तान गोदीत हमाल होता, मग तस्करीत शेठ झाला. आणीबाणीत आत गेला, जयप्रकाश नारायणांच्या प्रभावाने तस्करी सोडल्याचं त्याने जाहीर केलं, आणि पुढे १९८४-८५ च्या सुमारास प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित मुस्लीम सुरक्षा महासंघ काढला. पांढरे कपडे, पांढरी मर्सिडीज, सिनेमावाल्यांची ऊठबस. १९७५ चा ‘दीवार’ त्याच्यावरून सुचल्याचं आजही बोललं जातं. मतांच्या बाबतीत महासंघाचं फारसं काही झालं नाही. मस्तान धाकापेक्षा पैशाचा माणूस होता, आणि पैसा पाहून लोक पाया पडतात तरी मत देतीलच असं नाही.

फूलन देवीचं उदाहरण मी या माळेत ओवत नाही. १९८१ चं बेहमई हत्याकांड, १९८३ ची शरणागती, १९९६ ची खासदारकी, २००१ मध्ये दिल्लीत खून. क्रम तोच दिसतो. पण तिच्यावर आधी जे झालं होतं, ते तिच्या मतदारांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलं होतं. शिवाय आपल्या आयुष्यावरच्या ‘बँडिट क्वीन’ सिनेमाविरुद्ध ती स्वतः कोर्टात गेली. आपल्याकडचे दादा सिनेमाविरुद्ध गेलेच, तर बहुधा नायक पुरेसा उंच दाखवला नाही म्हणून.

अमेरिकेत गुन्ह्याची गोष्ट विकण्याच्या धंद्याला रीतसर बाजार आहे. सॅमी ग्रावानो या माफियाने एकोणीस खुनांत हात असल्याची कबुली दिली, आपल्याच म्होरक्याविरुद्ध, जॉन गॉटीविरुद्ध, साक्ष दिली आणि पाच वर्षांच्या शिक्षेवर सुटला. मग पुन्हा अमली पदार्थांच्या धंद्यात सापडला, पुन्हा आत गेला, २०१७ मध्ये बाहेर आला आणि आता पॉडकास्ट करतो. मायकल फ्रांझीस हा दुसरा. पेट्रोलवरच्या करात लुबाडणूक करून गब्बर झालेला. तो ख्रिस्ताची वाट धरल्याचं सांगत व्याख्यानं देतो, आणि यूट्यूबवर माफियांचे सिनेमे बघून खरं काय खोटं काय ते समजावतो.

अशा गोष्टींतून येणाऱ्या पैशाचं करायचं काय, हा प्रश्न न्यूयॉर्कने कायद्याने सोडवायला घेतला होता. १९७७ मध्ये डेव्हिड बर्कोविट्झ हा ‘सन ऑफ सॅम’ म्हणवणारा खुनी पकडला गेला आणि प्रकाशक त्याच्या कहाणीवर पैसे ओतणार अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा राज्याने कायदा केला: गुन्ह्याची गोष्ट विकून मिळणारा पैसा आधी सरकारी मंडळाकडे जमा होईल आणि त्यातून बळींना भरपाई मिळेल. या कायद्याची कसोटी लागली ती हेन्री हिल या माफियाच्या पुस्तकावर, ज्यावरून पुढे ‘गुडफेलाज’ निघाला. प्रकाशकाने हिलच्या एजंटाला ९६,२५० डॉलर दिले होते, आणखी २७,९५८ देणं बाकी होतं. मंडळ म्हणालं, हा पैसा बळींचा. प्रकाशक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९१ मध्ये जिंकला. न्यायालयाचं म्हणणं असं की कायद्याचं जाळं फार मोठं आहे. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लहानपणी फळं चोरल्याची कबुली दिली, तोही यात अडकेल. गांधींनीही भावाच्या कड्यातलं सोनं कापल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा न्यायाधीशांचं म्हणणं मला पटतं. पुढे राज्याने कायदा बदलून घेतला. पण गोष्टीचा मालक कोण, ज्याने गोळी झाडली तो की ज्याला लागली तो, एवढा सवाल तरी तिथे कुणी रोखठोक विचारला. आपल्याकडे तो विधिमंडळात कधी गाजल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या गावाला बंकटस्वामी महाराजांच्या मठामुळे कीर्तनाची परंपरा आहे, आणि कीर्तनात वाल्याचा वाल्मीकी ठरलेला. दर खुनाला एक खडा, असे रांजणच्या रांजण भरलेले. नारदाने विचारलं, या पापात घरचे वाटेकरी आहेत का बघून ये. बायको-पोरांनी अंग काढून घेतलं आणि वाल्याचे डोळे उघडले. आजच्या वाल्याचं घर अंग काढून घेत नाही. बायको नगरसेविका होते, मुलगी उभी राहते, पुतण्या संस्था चालवतो. रांजण फोडायचे कशाला, त्यांवर तर घर चाललंय! आणि एक गोष्ट कीर्तनातही सुटते. त्या खड्यांची नावं काय होती, हे नारदही विचारत नाही.

खरा सोडून आलेला माणूस नाही असं नाही. लक्ष्मण गोळे हे मुंबईच्या टोळीत खंडणीचं काम केलेले. तुरुंगात गांधींचं आत्मचरित्र हाती आलं, त्यांनी आपले गुन्हे न्यायालयापुढे कबूल केले, शिक्षा भोगली आणि बाहेर आल्यावर सर्वोदयाच्या कामात पडले. तुरुंगांत जातात, कैद्यांशी बोलतात, गांधींची पुस्तकं पोचवतात. वर्तमानपत्रांनी अधूनमधून दखल घेतली, पण त्यांच्या नावाचं गाणं नाही, स्टेटस नाही. कबुलीजबाब दिला की धाक संपतो. तुमच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून तुम्ही सुटलात, तर लोक दबून असतात. तुम्हीच उभं राहून ‘हो, मी केलं’ म्हणालात, की तुम्ही चारचौघांसारखे. गवळीच्या ७४ गुणांची बातमी लक्ष्मण गोळे यांच्या अख्ख्या कामापेक्षा मोठी झाली, याचं मला नवल वाटत नाही, राग येतो.

पुण्यात तर आता सुधारण्याचं सोंगही लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथला गुंड गजा मारणे तळोजा तुरुंगातून सुटला, तेव्हा द्रुतगती महामार्गावरून शेकडो गाड्यांचा ताफा निघाला, ड्रोनने चित्रण झालं आणि व्हिडिओ फिरले. त्यावर पुन्हा गुन्हा दाखल झाला, तोही प्रसिद्धीत जमा. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये प्रवीण तरडे यांनी जमिनी गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराचा शेवट किती वाईट होतो हे दाखवलं. पोरांनी शेवट सोडून बाकीचं उचललं.

आणि आमच्याकडे? नेकनूरहून केजकडे निघालं की त्याच रस्त्यावर मस्साजोग लागतं. तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण झालं आणि हाल करून त्यांना मारण्यात आलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असं आरोपपत्र सांगतं. खटला न्यायालयात आहे, म्हणून आरोपींविषयी इथे काही लिहीत नाही. पण मारहाणीचे फोटो आणि व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढल्याचं तपासात आलं, ते अख्ख्या महाराष्ट्राने मार्च २०२५ मध्ये पाहिलं, आणि एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच काळात जिल्ह्यात बाराशेच्या वर पिस्तूल-बंदुकांचे परवाने असल्याचं बाहेर आलं. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ तर पोरं आपणच टाकत होती. कॅमेरा आता गुन्ह्याच्या जागीच हजर असतो, सिनेमावाल्याची वाट बघत बसावं लागत नाही.

कायद्याने दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेल्याला शिक्षा भोगून झाल्यावरही सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. पण खटला नुसता चालू असेल तर दार उघडं. म्हणून १३ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना बजावलं: गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिलात तर त्याच्यावरचे गुन्हे स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापा, आणि स्वच्छ माणूस सोडून यालाच का निवडलं तेही लिहा, ‘निवडून येतो’ हे कारण चालणार नाही. तेव्हापासून निवडणुकीच्या दिवसांत आतल्या पानावर बारीक टायपात चौकटी येतात. डावीकडे कलमं, उजवीकडे कारण. उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्याची आवड आहे, गुन्हे राजकीय हेतूने दाखल झाले आहेत. पुढच्या वेळी चौकट दिसली तर भिंग घेऊन वाचा. हे ‘समाजकार्य’ कोणत्या साली सुरू झालं आणि कलमांपुढे कोणतं साल आहे, एवढंच ताडून बघा.