आकडा नेमका कधी बदलला?

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावला पोचलं, की पूर्वेला खोडद आहे. जुन्नर तालुक्यातल्या या गावाजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी, १६ तीन दिशांना पसरलेल्या. त्या फक्त लहरी टिपतात. त्या लहरींच्या आकड्यांतून आकाशाचं चित्र तयार करतात संगणकाचे प्रोग्रॅम. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी त्यासाठी लिहिलेला 'कॅप्चर' हा प्रोग्रॅम गिटहबवर सर्वांना खुला आहे.

जुनी निरीक्षणं संग्रहात जपलेली असतात आणि कित्येक वर्षांनी कुणी ती पुन्हा तपासायला घेतं. समजा, एका विद्यार्थिनीने असंच एक जुनं निरीक्षण स्वतःच्या सुधारलेल्या प्रोग्रॅममधून काढलं आणि एका स्रोताची तेजस्विता आधीपेक्षा कमी आली. निरीक्षण तेच आहे, म्हणजे आकाश बदललेलं नाही. बदलला आहे तो प्रोग्रॅम. पण कुठे?

सातबाऱ्यावर आजचा खातेदार दिसतो. जमीन त्याच्याकडे कशी आली, ते फेरफार नोंदी वाचल्यावर कळतं. प्रोग्रॅमच्या फेरफार नोंदी गिट ठेवतं. प्रत्येक नोंदीत, म्हणजे कमिटमध्ये, बदल कोणी केला, कधी आणि कशासाठी हे असतं. कमिटची ओळखखूण त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटच्या खुणेवरून काढलेली असते. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलली, तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात.

तिचा संशय मोबाइल किंवा विजेच्या तारांमुळे आलेला गोंगाट काढणाऱ्या भागावर आहे. 'गिट लॉग'ला त्या फाइलचं नाव दिलं, की तिच्यापुरतेच बदल समोर येतात. 'गिट ब्लेम' प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची बदलणाऱ्याचं नाव दाखवतं. इथे घाई नको. कुणी नुसती मोकळी जागा सरळ केली असेल, तरी त्याचंच नाव येतं. म्हणून मोकळी जागा वगळायचा पर्याय द्यावा. एका ओळीत गोंगाट ओळखायची मर्यादा ५ वरून ४ झालेली दिसते. मर्यादा खाली आली, की गोंगाटाबरोबर चांगला डेटाही टाकला जाऊ शकतो. हा अजून संशयच. पुरावा वेगळा लागतो.

पुराव्यासाठी 'गिट बायसेक्ट'. ज्या आवृत्तीत उत्तर बरोबर होतं ती आणि आज चुकतंय ती, अशा दोन आवृत्त्या सांगायच्या. गिट मधली आवृत्ती काढून देतं. ती चालवून बरी की वाईट ते कळवायचं, की शोध निम्म्यावर येतो. हजार कमिट असले तरी साधारण दहा चाचण्यांत गुन्हेगार सापडतो. एकेका चाचणीला तास लागत असतील, तर ही बचत फार मोठी आहे. काम स्क्रिप्टवर सोपवलं, तर तिने परत दिलेला आकडा गिट वाचतं: ० म्हणजे बरी, १ म्हणजे वाईट आणि १२५ म्हणजे तपासताच येत नाही, पुढे चला. पायथन २ साठी लिहिलेल्या आवृत्त्या पायथन ३ वर आधारलेल्या 'कासा ६' या रेडिओ खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अडतात, तिथे हा १२५ उपयोगी पडतो.

जे कमिटच केलं नाही, ते मात्र गिटला ठाऊक नसतं. चालवण्याआधी सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने बदललेला आकडा इतिहासात सापडणार नाही. म्हणून चित्राच्या फिट्स फाइलमधल्या 'हिस्टरी' नावाच्या ओळींत कमिटची खूण, 'कासा'ची आवृत्ती आणि वापरलेल्या मर्यादा लिहून ठेवाव्यात. माझ्या मते हे ऐच्छिक नाही. निरीक्षणाची तारीख लिहितो तितकंच ते आवश्यक आहे.