पाण्याच्या वेळापत्रकात देवळांची नोंद

उजनी धरणात पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातला उपयुक्त साठा ५४ टीएमसीच्या आसपास, बाकीचा सगळा मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून अधिक धरण हिशेबात 'मृत' आहे. दुष्काळी वर्षात मात्र तेही पाणी उपसले जाते आणि पातळी वजा टक्क्यांत मोजली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. या उतरत्या आकड्याबरोबर इंदापूर तालुक्यातल्या जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर हळूहळू उघडे पडते. १९८० च्या सुमारास धरण पूर्ण झाले, गाव उठून सोलापूर रस्त्यालगत नव्याने वसले आणि मंदिर फुगवट्यात राहिले. ते वर आले की बातम्या होतात, होड्या भरून माणसे येतात, पाऊस लागला की विषय मिटतो. माझे म्हणणे असे की बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या वारशावरचे संकट अचानक कोसळणारे नाही. ते धरणाच्या आणि कालव्याच्या वेळापत्रकातून, बहुतेक वेळा आधी कळवून येते. त्यामुळे ज्या कागदावर पाण्याचा निर्णय होतो, त्याच कागदावर या वास्तूंची नोंद असली पाहिजे.

पाण्याखाली असलेली वास्तू सुरक्षितच असते, असे अनेकांना वाटते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. सतत आणि स्थिर पाण्याखाली दगड बराच टिकतो. त्याला मारतो तो पाण्याचा चढउतार. चुना पाण्यात हळूहळू विरघळतो, सांधे पोकळ होतात. पाणी ओसरले की भिंतीत मुरलेले क्षार पृष्ठभागावर येऊन साकळतात. आपण त्याला लोणा लागणे म्हणतो. पुढच्या पाण्यात ते पुन्हा विरघळतात, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा साकळतात, आणि दर खेपेला विटेचा किंवा दगडाचा एक पापुद्रा घेऊन जातात. पळसनाथाच्या शिखरासारख्या विटांच्या बांधकामाला याचा त्रास दगडी जोत्याहून कितीतरी जास्त. त्यातही पाण्याची रेषा ज्या उंचीवर रेंगाळते तिथे वाऱ्याने उठलेल्या लाटा सांध्यांवर आदळत राहतात, म्हणून सगळ्यांत जास्त झीज त्या पट्ट्यात होते. वर आलेल्या, आतून भिजलेल्या आणि चुना गमावलेल्या वास्तूवर माणसे चढतात, छायाचित्रांसाठी कठड्यावर उभी राहतात. मंदिर सर्वांत कमकुवत असते नेमके तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त भार येतो. ही पडझड निसर्गनियम म्हणून सोडून देण्यासारखी नाही. पाण्याची रेषा कोणत्या महिन्यात कुठे असेल, याचा अंदाज जलसंपदा खात्याकडे असतोच.

मग मंदिरच उचलून काठावर का नेत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि देशात असे झालेलेही आहे. नागार्जुनसागरच्या वेळी, १९५० च्या दशकात, नागार्जुनकोंड्याचे मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले. काही वास्तू टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या, ती टेकडी आज बेट आहे. श्रीशैलम धरणामुळे कूडवेल्लीचे चालुक्यकालीन संगमेश्वर मंदिर दगड सुटे करून आलंपूरला नेले. म्हणजे उजनीचे पाणी अडले तेव्हा हा मार्ग अनोळखी नव्हता. पण दगडावर क्रमांक घालून तो जसा हलवता येतो, तशी चाळीस वर्षे भिजलेली वीट आणि चुना हलवता येत नाही. आज स्थलांतराचा आग्रह धरला तर बहुधा शिखर गमवावे लागेल. माझ्या मते, जे हातात आहे ते आधी करावे. पातळी अमुक मीटरवर आली की मोजणीचे पथक पोचेल, त्रिमितीय नोंद होईल, सुटलेले शिल्पखंड जागा लिहून सुरक्षित ठेवले जातील, आणि शिखराजवळ जाण्यास मनाई लागू होईल. यासाठी कोणाचे पाणी थांबवायचे नाही. सोलापूरचे पिणे आणि शेतीची आवर्तने आधीच आहेत आणि आधीच राहावीत. मंदिर उघडे राहण्याची ही मुदत मात्र गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यातच मुसळधार पावसाने उजनीत पाणी चढू लागले. जूनमध्ये बैठक घेऊ म्हणणाऱ्याला त्या वर्षी काहीच करता आले नसते.

आणखी एक आक्षेप जास्त टोचणारा आहे. धरणग्रस्तांचे प्रश्न अजून पुरते सुटले नाहीत, तिथे देवळाची चिंता कशाला? पण जुन्या गावातले ते मंदिर ही विस्थापितांच्या गावाची उरलेली खूण आहे. पाणी उतरले की वेशीची, घाटाची, वाड्याची जागा दाखवू शकणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. तिची माहिती त्या मोजणीत आली नाही, तर उरेल तो फक्त दगडांचा नकाशा.

नीरा-नरसिंहपूरचा प्रश्न वेगळा आहे. पळसदेव धरणाच्या वर आहे, हे खाली. इथे नीरा भीमेला मिळते आणि संगमाच्या टोकावर लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर उभे आहे. पेशवाईत विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी ते बांधवले. भीमेतून येते ते उजनीचे पाणी, नीरेतून वीर धरणाचे. दोन्ही विसर्ग एकाच वेळी वाढले तर घाट आणि गाव कोंडीत सापडतात. दोन धरणांचे नियंत्रण वेगवेगळ्या यंत्रणांकडे, उजनीची भिंत सोलापूर जिल्ह्यात, मंदिर पुणे जिल्ह्यात. या विसर्गांची बेरीज पंढरपूरसाठी दर पावसाळ्यात केली जाते, कारण तिथे चंद्रभागेच्या पात्रातले पुंडलिकाचे मंदिर आणि वाळवंटातली गर्दी डोळ्यांसमोर असते. तीच बेरीज काही तास आधी नरसिंहपुरात लागू होते, हे गणित अवघड नाही. प्रशासनाला हे जमत नाही असेही नाही. तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला येते, तिथे पादुकांना नीरास्नान होते. हे सगळे आषाढात, नदीला पाणी असण्याच्या दिवसांत. त्यासाठी दरवर्षी विसर्ग, पूल, वैद्यकीय पथके, गर्दीचे मार्ग यांचा एकत्र विचार होतो. वारीची परंपरा ज्या सहजतेने आपत्तीच्या आराखड्यात शिरली, त्या सहजतेने तिच्या वाटेवरच्या वास्तू शिरल्या नाहीत, एवढाच फरक.

बारामतीत हा विषय कऱ्हा नदीशी येऊन थांबतो. काठाला काशीविश्वेश्वर, सिद्धेश्वर, बाबूजी नाईकांचा वाडा. मोरोपंतांची काव्यरचना याच गावात झाली आणि १७९४ मध्ये ते इथेच वारले. सप्टेंबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात पुरंदरात कोसळलेल्या पावसाने कऱ्हेवरच्या नाझरे धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि बारामतीत हजारो लोकांना रातोरात हलवावे लागले. २०२५ च्या मे अखेरीस नीरा डावा कालवा पिंपळीजवळ फुटला, एनडीआरएफची पथके बोलवावी लागली. कऱ्हेचा एरवीचा प्रवाह इतका क्षीण की काठ म्हणजे सुशोभीकरणाची मोकळी जागा वाटू लागते. पण फरसबंदी झाली की पावसाचे पाणी जिरत नाही, ते जुन्या भिंतींच्या पायाशी जाते. इंदापुरात मालोजीराजांच्या गढीलाही धोका आहे तो पुराचा नव्हे, मातीच्या बांधकामात मुरणाऱ्या पाण्याचा आणि भेगांत रुजणाऱ्या पिंपळाचा. नूतनीकरणाच्या आराखड्यात दिवे आणि बागेआधी पाणी निघून जाण्याची वाट आखावी, असे मला ठामपणे वाटते. सिमेंटचा लेप देऊन ओल आत कोंडणे ही दुरुस्ती नव्हे.

आधी माणसे, मग दगड, असे कोणी म्हणेल. क्रम बरोबर आहे. पण पुरात लोक आसऱ्याला उंच जोत्याच्या देवळातच जातात. त्या जोत्याची ताकद कोणी तपासलेली नसेल तर हा क्रमही कोलमडतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या व्याख्येत जीवितहानी, मालमत्ता आणि पर्यावरण आहे, वारशाचा वेगळा उल्लेख नाही. ही उणीव राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांस्कृतिक वारसास्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढून भरून काढली. प्रत्येक स्थळाचा स्वतःचा आराखडा असावा, हे त्यात आहे. खर्चाची अडचणही सांगितली जाते. मोठी डागडुजी महाग असते हे खरे, पण यादी, मोजणी आणि पातळीची नोंद यांना लागतात ती माणसे आणि काही दिवस. मान्सूनपूर्व आढावा बैठकीला तहसीलदार, जलसंपदा आणि नगरपरिषद तिघेही हजर असतात. त्या टिपणीत पळसदेव, नरसिंहपूर, कऱ्हाकाठ आणि गढी यांच्यापुढे पाणी कोणत्या पातळीला जोत्याला लागते आणि त्यावेळी किल्ली कोणाकडे असते, हे दोन रकाने वाढवायचे आहेत.